गिअरमामांचं नाक

गिअरमामा म्हणजे गल्लीतले मेकॅनिक. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल ते चिमटीत चोळायचे, पांढऱ्या कागदाला पुसायचे आणि हुंगायचे. लालचुटूक असेल तर राहू दे. काळपट, जळकट असेल तर आजच बदल!

लेकीचं लग्न ठरवायला ते बायको आणि लेकीला घेऊन मुलाच्या घरी जेवायला गेले, तर होणाऱ्या व्याह्यांनी बसल्या बसल्याच विचारलं, "आमची गाडी ऑटोमॅटिक आहे. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलायचं?"

"साधारण साठ हजार किलोमीटरला," मामा खुलले. "पण आधी बघायचं!"

तेवढ्यात विहीणबाईंनी टोमॅटोचं सूप वाढलं. मामा इतके रंगात आले होते, की हात आपोआप चालला. थेंब चिमटीत, मग पांढऱ्या नॅपकिनवर, मग नाकाशी.

"रंग झकास," मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "पण जळालंय. ताबडतोब बदला!"

बायकोनं टेबलाखालून सणसणीत चिमटा काढला. लेकीनं डोळेच मिटून घेतले.

विहीणबाईंनी चमचाभर चाखलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, हे करपलंय! नेहमी असंच लागतं?"

"मला वाटलं, तुझी पद्धतच ती," नवरा पुटपुटला.

बाई हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात आल्या. "ठरलं हो लग्न! खरं बोलणारं एक तरी माणूस मिळालं या घराला."

"मग पुढची तपासणी कधी?" मामांनी भीत भीत विचारलं.

"साठ हजार किलोमीटरची वाट बघू नका. दर रविवारी या, उपाशीपोटी!"