शाळेतून घरी येण्याची रंगीत तालीम

शाळा उघडणार ही बातमी आमच्या घरात स्वयंपाकघरातून आली. मी गॅलरीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून कंपनीचं काम करत होतो. हिंजवडीला जाणारी कंपनीची बस बंद होऊन इतका काळ लोटला होता की ट्रॅफिकला शिव्या द्यायची माझी सवयही गंजली होती. बायको कणकेचे हात घेऊन बाहेर आली आणि कोपरानं फोनकडे खूण करत म्हणाली, “अहो, पहिलीपासूनच्या उघडतायत. पुढच्या आठवड्यात. आईवडलांची संमती मागितलीय.”

आणि मग आम्ही दोघांनी एकाच वेळी अण्णांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्म फाउंड्रीत गेला, आणि फाउंड्रीतली धूळ त्यांच्याबरोबर निवृत्त होऊन घरी आली, छातीत बसून. दिवसातला बराच वेळ त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागायचं. बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या फ्लॅटमध्ये त्या मशीनची घरघर इतकी मुरली होती की वीज जाऊन ती थांबली की आम्हालाच धाप लागायची. लशीचे दोन्ही डोस झाले होते त्यांचे. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “यांना साधी सर्दीसुद्धा झेपणार नाही, हे लक्षात ठेवा.” आम्ही ते इतकं लक्षात ठेवलं होतं की दूधवाल्याशी आम्ही पिशवी दोरीला बांधून व्यवहार करत होतो.

दुसरीकडे लेक. दुसरीत असताना शाळा बंद झाली आणि चौथी तिनं मोबाइलच्या काचेमागून निम्मी संपवली होती. आधी बडबडी होती. वर्गातल्या सगळ्यांच्या डब्यात काय होतं ते रोज आजोबांना सांगायची, आणि अण्णाही बातम्या ऐकाव्यात तसे ते ऐकायचे. आता ती तासाला कॅमेरा बंद ठेवून बसायची. बाईंनी नाव घेतलं की “येस टीचर” टाइप करायची. अण्णांच्या पलंगावर दिवसचे दिवस लोळणारी पोर त्यांच्या दारावरून पळत जायला लागली, गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून. मला वाटायचं, विमान-विमान खेळते. तिला कंटाळा आलाय, शाळा उघडली की बोलती होईल, असं बायको म्हणायची. शाळा उघडली की अण्णांचं काय, असं मी म्हणायचो. मग मशीन तेवढं बोलत राहायचं.

शाळेनं पालकांची ऑनलाइन सभा घेतली. एरवी पालकसभेला चार आया आणि एक चुकून आलेला बाप असतो. या वेळी चौकटींनी स्क्रीन भरून गेली.

“मुलं घरात वेडी व्हायची वेळ आलीय, बाई. माझा मुलगा भिंतीशी बोलतो.”

“भिंत उत्तर देत नाही तोवर काळजी नको,” कुणीतरी म्हणालं.

“चेष्टा नाहीये ही! पेपरात वाचलं का, नवीन प्रकार आलाय म्हणे. लहान मुलांना लस तरी आहे का?”

“कुणाच्या घरी कुकर होतोय? जरा म्यूट करा.”

एका बेकरीवाल्या पालकांनी हात वर केला होता. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात, आणि शब्दही तसेच मोजके. “माझी मुलगी सकाळी काउंटरला माझ्याशेजारी उभी असते. अर्धी पेठ नाकाखाली मास्क घेऊन पाव न्यायला येते. तिथं चालतं. वर्गात मात्र भीती. आपण बघा विचार करून.”

मग मला वाटलं, आपण बोलावं. एकीकडे मुलांचं भवितव्य, दुसरीकडे घरातल्या ज्येष्ठांचं आरोग्य, समतोल साधायला हवा, असं मी चांगलं खणखणीत बोललो. मुख्याध्यापिकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुमचं हो समजायचं, की नाही?”

मी म्हटलं, “दोन्ही बाजूंत तथ्य आहे.”

शेजारून बायको म्हणाली, “मला बघायला आला होतात तेव्हाही हेच म्हणाला होतात.” तिनं हे म्हटलं तेव्हा आमचा माइक सुरूच होता.

संध्याकाळी विश्रांतवाडीहून ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण. तिचा आवाज मुळातच असा की फोन स्पीकरवर ठेवावा लागत नाही. त्या दिवशी मी भाजी निवडत होतो म्हणून ठेवला.

“तू पाठवणार आहेस का तिला?”

“विचार चाललाय.”

“कसला विचार? शाळा बुडाली तर पुढच्या वर्षी भरून निघेल. बाप भरून निघतो का? ती पोर शाळेतून घेऊन आली आणि अण्णांना झालं, तर काय करशील? तोंड दाखवशील मला?”

लेक जेवणाच्या टेबलाशी रंगवत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, हिचं लक्ष नाही.

भीतीचं एक असतं. ती माणसाला स्वस्थ बसू देत नाही, काहीतरी करायला लावते. मला तिनं नाटक करायला लावलं. तरुणपणी मी कंपन्यांच्या एकांकिका स्पर्धेत होतो. होतो म्हणजे, पडदा ओढायचो. एकदाच हवालदाराची भूमिका मिळाली, आणि त्यात मी खून व्हायच्या आधीच पंचनाम्याला हजर झालो. पण एवढ्या कारकिर्दीत एक गोष्ट पक्की शिकलो होतो, की जे बिघडायचं ते रंगीत तालमीत बिघडू द्यावं. प्रयोगाला मग बिघडत नाही. तेव्हा मी जाहीर केलं, की शाळेतून घरी येण्याची रंगीत तालीम करायची. वेशभूषेसह. ती चोख झाली तर संमती द्यायची, नाहीतर नाही.

बायको म्हणाली, “करा.” तिलाही कुठलातरी निकाल हवाच होता.

पहिला प्रयोग मी स्वतः करून दाखवला. पाठीला लेकीचं दप्तर, गळ्यात वॉटरबॅग, तोंडावर दोन मास्क. तळमजल्यापासून कठड्याला हात न लावता वर यायचं. बूट बाहेर. बेल कोपरानं. दप्तर गॅलरीत उन्हात. मास्क साबणाच्या बादलीत. मग भिंतीला अंग न घासता थेट न्हाणीघर. अण्णांचं दार या सगळ्या वेळात बंद. मी दुसऱ्या मजल्यावर पोचतो तोच वरच्या काकू कचऱ्याची बादली घेऊन खाली येत होत्या. दप्तराकडे बघून त्यांनी विचारलं, “काय, मिळाला का प्रवेश?” आणि उत्तराची वाट न बघता खाली गेल्या.

नंतर लेकीची पाळी. गणवेश आखूड झाला होता. मनगटं बाहेर आलेली. ती मुकाट्यानं खाली गेली. बायको न्हाणीघरापाशी टॉवेल घेऊन उभी, मी दारात. लेक वर आली. काय चोख काम! कठड्याला हात नाही, बूट जागच्या जागी, बेल कोपरानं. मी दार उघडलं. दिग्दर्शक म्हणून माझा ऊर भरून आला.

ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत येईना.

“ये ना. आता दप्तर गॅलरीत.”

ती हलली नाही.

“विसरलीस का? आधी दप्तर, मग मास्क.”

तिनं मान हलवली. विसरली नव्हती.

“अगं मग ये की आत. तालीमच तर आहे.”

“खाली ना, एक मांजर होतं,” ती म्हणाली. “मी हात नाही लावला. पण ते माझ्या पायाला घासलं.”

“मांजराचं काही नसतं गं.”

“तुला काय माहीत?” तिचा आवाज चिरकला. “मी आत आले आणि आजोबांना झालं तर? आत्या म्हणाली ना, मी घेऊन येणार म्हणून. मला नाही यायचं आत. मी इथेच बसते.” आणि ती खरंच जिन्याच्या पायरीवर बसली, दप्तर पाठीला तसंच ठेवून.

बायको टॉवेल टाकून बाहेर धावली. तिनं जवळ घ्यायला हात पुढे केला, तर पोर मागे सरकली. “नको ना आई! तू मग आजोबांना जेवायला देशील!”

मी बायकोकडे बघितलं. बायकोनं हळू विचारलं, “म्हणून तू त्यांच्या खोलीत जात नाहीस?”

“जवळून जाताना मी श्वास धरते,” लेक म्हणाली. “संपतो कधीकधी मधेच. म्हणून पळते.”

विमान-विमान.

मला आठवलं, न्हाणीघराला जायची वाट अण्णांच्या दारावरूनच. दिवसातून किती वेळा ती त्या दारावरून जात असेल! ही एवढीशी पोर स्वतःला विष समजून आमच्याच घरात वावरत होती, आणि आम्ही तिला वेळेवर दूध देत होतो.

मागे दार वाजलं. अण्णांनी आपल्या खोलीचं दार उघडलं होतं. नाकात नळी, आणि नळी जिथवर ताणली जाते तिथवर, म्हणजे बरोबर उंबऱ्यापर्यंत, ते आले होते. मास्क हातात, बहुधा ऐकता ऐकता लावायचा राहिला.

“अण्णा, आत व्हा,” मी ओरडलोच.

“का? तुमच्या नाटकात माझं पात्र पहिल्या अंकातच मेलंय का?” वाक्य संपवायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. मग मास्क लावून त्यांनी माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. “काय म्हातारे, श्वास धरतेस म्हणे.”

लेकीनं दप्तराचे पट्टे घट्ट धरले.

“किती वेळ धरता येतो?”

“तुमच्या दारापासून बाथरूमपर्यंत.”

“मला तेवढाही येत नाही,” अण्णा म्हणाले. “या घरात श्वासाची टंचाई माझ्या वाट्याला आलीय. त्यात तू कशाला वाटेकरी होतेस?”

“पण तुम्हाला झालं तर?”

काही होणार नाही, असं ते म्हणतील या आशेनं मी बघत राहिलो. मला ते ऐकायला फार हवं होतं. अण्णा चौकटीला धरून उभे होते.

“होईलही,” ते म्हणाले. “मला भीती वाटते. रोज सकाळी वाटते. पण झालं तर ते त्या रोगानं केलेलं असेल, तू नाही. तुझ्या बापानंच हे सांगायला हवं होतं, पण त्याला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं.” मग थोडा दम घेऊन, “शाळेत जा. डब्यात कुणाच्या काय असतं, मला काही कळत नाही आजकाल.”

ती तरी लगेच उठली नाही. अण्णा दार लावून आत गेल्यावर उठली, आणि ठरल्याप्रमाणे दप्तर गॅलरीत, मास्क बादलीत, सगळं केलं. न्हाणीघराकडे जाताना अण्णांच्या दारापाशी मात्र थबकली. आतून आवाज आला, “श्वास ऐकू येत नाही.” मग तिनं श्वास सोडला, हुऽऽ करून, मोठ्यांदा. आतून अण्णा म्हणाले, “हजर.”

संमती आम्ही त्याच दिवशी दिली. ताई पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. अण्णांना मात्र रोज फोन करायची आणि माझ्याविषयी विचारायची.

शाळा सुरू झाली. एका बाकावर एक मूल, डबा खायचा नाही, खेळायचं नाही, तास संपले की थेट घरी. पहिल्या दिवशी डब्यांची बातमी नव्हतीच, तर लेकीनं बंद दाराबाहेरून आजोबांना सांगितलं, की सगळे उंच झालेत, आणि मास्कमुळे बाईंनी तिला दुसऱ्याच मुलीच्या नावानं हाक मारली. मग रोजचा तोच क्रम झाला. बूट, बेल, दप्तर, बादली, आणि दारापाशी हुऽऽ. आतून “हजर”. मी गॅलरीत मीटिंगमध्ये असलो तरी त्या वेळी कान आत असायचा. तिचा हुऽऽ मला नको असायचा. मला त्यापुढचा शब्द हवा असायचा.

आणि एक दिवस तो आला नाही.

आदल्या दिवशी तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी कुणी आजारी असल्याचा मेसेज आला होता. सकाळपासून अण्णा दोनदा खोकले होते. नेहमीचा खोकला की नवा, यावर मी आणि बायको स्वयंपाकघरात कुजबुजत भांडलो होतो. लेक आली. बूट, बेल, दप्तर, बादली. हुऽऽ.

मशीनची घरघर तेवढी.

तिनं पुन्हा केलं. हुऽऽ.

मी लॅपटॉप तसाच ठेवून आत आलो. बायको ओट्यापाशी थिजली होती, नळ सुरू. लेक भिंतीला चिकटून उभी, डोळे मोठे झालेले, आणि तिचे गाल पुन्हा फुगलेले मला दिसले. माझा हात दाराच्या मुठीवर गेला, पण दार उघडेना. उघडत का नव्हतं, तर मी मूठ उलटी फिरवत होतो.

तेवढ्यात आतून पलंग करकरला.

“दुपारी एक ते चार पुण्यात दुकानंसुद्धा बंद असतात,” अण्णांचा झोपेनं जड झालेला आवाज आला. “माणसानं डोळा लावायचा नाही का?”

बायकोनं नळ बंद केला. मी दाराला टेकलो. लेकीनं मात्र गाल तसेच फुगवून ठेवले होते. चेहरा लाल व्हायला लागला होता. मग तिनं एका हातानं दारावर थाप मारली, आणि दुसऱ्या हातानं माझा शर्ट धरला.

“आधी हजर म्हणा,” ती म्हणाली.