बुश्ताच्या कमरेतले खेचर

देवाने माणसाला कणा दिला तो दोन कामांसाठी: जगापुढे ताठ राहावे आणि त्याच्यापुढे लवावे. फेस शहराच्या जुन्या पेठेतील भट्टीवाला बुश्ता, याच्या कण्याने दोन्ही कामे नाकारली होती. तो ताठ होत नसे, आणि एकदा लवला की परतत नसे.

गल्लीतल्या बाया पीठ घरी मळत, पाव थापत, फळीवर कापडाखाली झाकून त्याच्या भट्टीवर आणत. भट्टीच्या तोंडाशी कमरेइतका खड्डा. त्यात उभे राहून लांब दांड्याच्या फावड्याने पाव आत सारायचे, फिरवायचे, बाहेर ओढायचे. पुढून छाती भाजते, मागून पाठीला दारातला गार वारा झोंबतो. अर्ध्या आयुष्याच्या या पिळण्याने कमरेत एक दुखणे मुक्कामाला आले होते. बुश्ता त्याला ‘खेचर’ म्हणे. पेठेच्या अरुंद वाटांवर ओझ्याचे खेचर मधेच चार पाय रोवते, आणि मालक ओरडतो, विनवतो, शेवटी रडतो, तसेच हे. सकाळी अंथरुणाच्या काठावर बसून तो मनोमन विचारी, “आज स्वारी कुठवर न्यायचा विचार आहे, महाराज?” उत्तरादाखल खेचर एक लाथ घाली.

हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. बायकोला, तामूलाही नाही. लोकांच्या डोळ्यांतली दया त्याला विस्तवाहून अधिक पोळे. म्हणून धाकटी नात हात पसरून “आजोबा, उचला” म्हणाली की तो कपाळाला आठी घाली. पोर समजे, आजोबा रागावले. आठी घालायला कंबर लागत नाही, एवढीच तिच्यात सोय होती.

एका शुक्रवारी मशिदीत सारी रांग सजद्यात गेली, सारी रांग उठली, बुश्ता तेवढा खालीच राहिला. खेचराने पाय रोवले होते. कपाळ चटईवर, डोळ्यांतून धारा, आणि ओठांत एकच धावा: “अल्ला, उठव, ते जमत नसेल तर निदान आडवा पाड!” नमाज संपली तरी तो तसाच. मागच्या रांगेतल्या हम्मादी शिंप्याने भिजलेली चटई पाहिली आणि शेजाऱ्याच्या कानाशी लागला, “बघितलंस? भट्टीवाला पार देवाच्या पायाशी पोचलाय. आणि आपण मेले घड्याळ बघत होतो!”

बुश्ताने ते ऐकले. खरे सांगायला तोंड उघडायचे, तर आधी ते चटईवरून उचलायला हवे होते. कसाबसा उठला तेव्हा त्याच्या मनात आले, मोडका म्हणवून घेण्यापेक्षा संत म्हणवून घेणे काय वाईट? हाय रे माणसा! देवाच्या दारी लोटांगण घातलेस, आणि तिथेही अब्रूच सावरलीस!

गल्लीभर बातमी पोचली. पावाच्या फळ्यांबरोबर विनवण्या येऊ लागल्या: काका, पोरीच्या परीक्षेसाठी दुवा करा, काका, नवऱ्याच्या खोकल्यासाठी करा. ते सारे बुश्ताने सोसले असते. त्याला सोसवेना ती तामू. लग्नापासून जिने त्याला “अहो करपट” याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती, ती आता नजर खाली घालून चहा ठेवू लागली. आडवे पडले की कंबर पेटते म्हणून तो बसून रात्र काढी; तामूला वाटले, जप चालला आहे. तिने आपले अंथरूण बाहेरच्या खोलीत नेले.

“चहात पुदिना कमी पडलाय,” एकदा तो मुद्दाम म्हणाला.

“चुकले, मालक,” तामू हळूच म्हणाली.

खेचराची लाथ परवडली, असे त्याला वाटले. घरातले भांडण हरवले होते, आणि ते परत कुठून आणावे हे त्याला कळेना.

शेजारची बतूल बाळंत झाली. सातव्या दिवशी बाळाचे नाव ठेवले, आणि तामूला पुढे घालून ती थेट भट्टीवर आली. खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून तिने बाळ पुढे धरले. “काका, घरच्यांनंतर पहिला हात तुमचा लागू दे.”

बुश्ताने फावडे टेकवून हात पसरले. बाळ ते केवढे, दोन पावांच्या वजनाचे! पण तो किंचित पुढे वाकला आणि खेचराने पाय रोवले. चेहरा वेडावाकडा झाला, हात आपोआप मागे आले.

बतूल पांढरीफटक पडली. “काका, हात का मागे घेतलेत? काय दिसलं तुम्हाला माझ्या बाळाच्या तोंडावर?”

फळ्या घेतलेल्या बाया जागीच थबकल्या. तामूने बोटे ओठांवर ठेवली. संताने लेकरू नाकारले, ही गोष्ट आता त्या पोराच्या जन्माला चिकटणार होती.

“बाळात काही नाही दिसलं, पोरी,” बुश्ता धापा टाकत म्हणाला. “चंद्राचा तुकडा आहे तो. मला माझी कंबर दिसली. मी कसला संत! त्या दिवशी मला उठताच आलं नाही. रडलो ते भक्तीनं नव्हे, कळ सोसवेना म्हणून. आणि आत्ताही, बायांनो, मला कोणीतरी या खड्ड्यातून वर काढा.”

एकीला हसू फुटले, मग सगळ्यांना. बतूल तर रडता रडता हसत होती. तामू तेवढी हसली नाही.

“केव्हापासून?”

“नात चालायला लागली त्याच्याही आधीपासून.”

“आणि मी वेडी बाहेरच्या खोलीत कुडकुडले, यांच्या जपात खंड नको म्हणून! अहो करपट, तोंड काय पावाबरोबर भट्टीत ठेवून आला होतात? या शुक्रवारी मशिदीत खुर्चीवर बसायचं. नाही बसलात तर बायकांच्या बाजूनं अशी ओरडेन की इमामसाहेब नमाज विसरतील!”

करपट! बुश्ताचे डोळे भरून आले. चार बायांनी त्याला ओढून पिठाच्या पोत्यावर बसवले, तामूने बाळ मांडीवर ठेवले. बाळाने एक प्रशस्त जांभई दिली, आणि संतपणाची सांगता झाली.

खेचर गेले नाही. ते का जाईल? पण आता नात पोत्यावरून स्वतःच त्याच्या मांडीवर चढते, आणि बुश्ता फावडे ओढताना मोकळेपणाने कण्हतो.

“ऐकलं हो ऐकलं!” वरच्या खिडकीतून तामू ओरडते. “तेल तापत ठेवलंय!”

मग तो आणखी एकदा कण्हतो, दुखते त्याहून थोडे मोठ्याने.