छातीवरचा काळा पट्टा

१८ नोव्हेंबर, संध्याकाळचे साडेपाच. दिवसभरात काढलेले पेट स्कॅन एकदा नजरेखालून घालून डॉक्टरांकडे पाठवायचे, एवढं काम उरलं होतं. सोबतची टेक्निशियन रजेवर, त्यामुळे विभागात मी एकटीच. तसंही हे काम एकट्याचंच. पेशंटला किरणोत्सारी औषध टोचलं की त्याच्यापासून लांब राहायचं. तो तासभर खोलीत एकटा, मी काचेमागे एकटी. बोलणं माइकवरून. "श्वास घ्या. हलू नका. झालं." दिवसभराचं माझं बोलणं साधारण एवढंच. घरीही फार वेगळं नाही. मुलगी परदेशात, तिचा फोन रविवारी.

तिसरा स्कॅन खाडीकाठच्या सारसोळे गावातल्या एका आजोबांचा. फुप्फुसात गाठ होती. छातीच्या मधल्या ग्रंथींत आजार पसरला नसेल तर ऑपरेशन, पसरला असेल तर नाही. ते या स्कॅनवर ठरणार होतं; आजार असेल तिथे औषध साठतं आणि ती जागा चित्रात उजळते. मधला भाग स्वच्छ दिसत होता. जरा जास्तच. नीट पाहिलं तर छातीवर आडवा काळा पट्टा, हृदयसुद्धा त्यात बुडालेलं.

शरीरातून निघालेले काही किरण हाडामांसाला धडकून वाट बदलतात आणि मशीनला ते भलत्याच जागेहून आल्यासारखे वाटतात. चित्रावर धुकं बसतं. मशीन शरीराबाहेर जे काही दिसेल ते धुकं धरतं आणि त्या अंदाजाने आतलं धुकं वजा करतं. शरीर कुठे संपतं, हे त्याला आधी काढलेल्या सीटीवरून कळतं. सीटीत आजोबांचे हात डोक्यावर होते. नंतर त्यांनी ते खाली आणले. मशीनच्या लेखी तिथे हात नव्हतेच, म्हणून हातांतून आलेलं सगळं त्याने धुक्यात धरलं आणि छातीतून भरमसाट वजा केलं.

कॅमेऱ्यावर मला हे दिसायला हवं होतं. त्या वेळी मी पाठ करून डबा खात होते.

वजाबाकीशिवाय चित्र पुन्हा बनवून पाहिलं. पट्टा गेला, पण सगळंच धुरकट. त्यावरून कुणाचं ऑपरेशन ठरवता येत नाही. औषधाचा जोर उतरलेला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टरांना फोन केला. "तिसरा रिपोर्ट थांबवा, परत करायचाय."

"मशीनने त्रास दिला?"

"नाही. माझं लक्ष नव्हतं."

"बरं," एवढंच म्हणाले.

मग आजोबांच्या घरी. सुनेने उचलला. "अवो मॅडम, परत उपाशी? सकाली चहा नाय दिला तर सासरे अख्ख्या आलीत सांगून आले, सून उपाशी मारते!"

आजोबांनी फोन ओढून घेतला. मी विचारलं, "आजोबा, हात का खाली घेतलेत? माइकवर सांगितलं होतं ना?"

"तुमीच सांगला, हलू. मंग हलूच घेतला खाली. मशीनला धक्का पन नाय लागू दिला."

कळायला मला क्षण लागला. त्यांच्या बोलीत हळूला हलू म्हणतात. 'नका' मशीनच्या घरघरीत गेलं असणार. वीस वर्षं याच खाडीकाठच्या माणसांना मी हे वाक्य सांगते आहे. कुणी कधी उलट विचारलं नाही, कारण स्कॅन चालू असताना बोलायचं नाही, हेही मीच सांगते.

"हात दुखत होता का?"

"दुखनार नाय तं काय? दोनदा हाक मारली. तुमी नव्हत्या वाटतं."

"होते," मी म्हणाले. "उद्या सातला या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं इंजेक्शन त्यांना दिलं. तासाभराने टेबलावर झोपवून कोपरांखाली उशा सरकवल्या, हात वेल्क्रोने बांधले आणि पूर्ण वेळ कॅमेऱ्यावरून नजर काढली नाही. चित्र नीट आलं. छातीच्या मधोमध दोन ठिपके लख्ख उजळले होते. ते सांगणं डॉक्टरांचं काम.

बाहेर येताना आजोबांनी विचारलं, "आज बरा आला का फोटो?"

"चांगला आला," मी म्हटलं, आणि डॉक्टरांना भेटायची वेळ चिठ्ठीवर लिहून सुनेच्या हातात दिली.