अंतराळात गेलेला तांडेल

काय सांगू, माझी फजिती मीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावूनच सांगेल!

मी डिझाइन शिकलेली. डोक्यात एक खूळ शिरलं: पुढे कधीतरी आजारी माणसांना बरं करायला अंतराळात फिरवून आणतील, तर तो प्रवास कसा असावा? झालं! मालवणात आमच्या जाळ्यांच्या खोपीत मी यानच उभारलं. काळे पडदे, छताला टांगलेली झोळी आणि समोर पडद्यावर संथ फिरणारी पृथ्वी.

पहिला प्रवासी माझा बाबलकाका. जन्मभर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. रक्तदाब चढला म्हणून दोन वर्षं घरी बसलेला, कुणाशी धड बोलणं नाही. बघून माझा जीव तुटायचा. गावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचा दाब उतरव, दवाखान्यात तुझ्या यानाला एक खोली देते."

काका झोळीत पहुडला. पाच मिनिटं शांत. मी मनात पेढे वाटून मोकळी!

"हो आपलो दर्या मा गो?"

"होय काका, अरबी समुद्र."

"आणि ता गरगरता ता काय?"

"ढग. छान दिसतात ना?"

छान कसले? चक्रीवादळ होतं ते! जुन्या चित्रफितीतलं. देखणं दिसतं म्हणून मीच निवडलेलं.

काका ताडकन उठला, खिशातून फोन काढला. "वादाळ इला! होडये वयर ओढा!"

"अरे काका, चित्रफीत जुनी आहे!"

"ढग काय जुने-नवे आसतत? गप रव!"

आमच्याकडे तांडेलाने ओढा म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. मी धावत किनाऱ्यावर पोचले, तर अर्ध्या होड्या वाळूवर! बायका सुकत घातलेली मासळी भराभर गोळा करतायत. आणि आभाळ? निरभ्र!

"वादळ नाहीये हो!" मी ओरडले.

होडी ओढणारा पांडूदादा थांबला. "कोणी सांगल्यान?"

"मी."

"आणि वादाळ आसा म्हणान कोणी सांगल्यान?"

"काकाने."

"मगे?"

तांडेलाचा शब्द तांडेलानेच मागे घ्यायचा. परत खोपीत आले, तर काका आपणहून झोळीत! "थांब, ढग खंय पोचलो ता बघतंय." चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लागली होती. वादळ पुन्हा येत होतं.

संध्याकाळपर्यंत एकही होडी पाण्यात उतरली नाही. काका मात्र फोनवर अख्ख्या किनाऱ्याला हुकूम सोडत बसलेला, चेहरा फुललेला. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला. चक्क उतरला होता!

"खोली तुझी," त्या म्हणाल्या. "वादळ तेवढं काढू नकोस हां." मग माझ्याकडे नीट बघितलं. "इकडे ये. तुझाही हात दे बघू."

काकाची गोळी आता अर्धी झालीय. उरलेली अर्धी मी घेते.