हाडाचा रस्ता विचारणारे मामा

आमचे मामा समोरच्याला प्रश्न विचारल्याशिवाय राहत नसत. यवतमाळकडे त्यांची पिठाची गिरणी होती. दळण घेऊन आलेल्याची चौकशी पुरी झाल्याशिवाय गिरणी सुरू होत नसे. मी घरातला पहिला पदवीधर. कॉलेजच्या प्रवेशाला माझ्यासोबत आले ते मामाच. पुढे पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, तर त्यांचा पहिला प्रश्न, "दिवसभर करतं काय तू?" मी बराच वेळ समजावलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे चालू हाय, पण दिसत नाही, असं काम." मला ते पटलं.

मग आईला रक्ताचा कर्करोग झाला. अस्थिमज्जा प्रत्यारोपण ठरलं आणि भावंडांत जुळले ते मामाच. त्यांच्या पेशींची पिशवी आईला सलाइनसारखी लावली, तेव्हा ते काचेबाहेर उभे होते. डॉक्टर बाहेर येताच त्यांनी विचारलं, "सायेब, हे जायचं हाडात, अन् देलं नसेतून. त्याले हाडाचा रस्ता कोन सांगते?"

"पेशी आपोआप पोचतात, मामा."

"अन् नाही पोचल्या तं?"

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. 

पेशी रुजेपर्यंत आईला साधा तापही झेपणार नव्हता. मामा काचेपलीकडून तिला फोन करत. "बाई, खर्रा खावासा वाटते काय?" तिला आपल्यासारखी तंबाखूची तलफ आली म्हणजे आपल्या पेशी पोचल्या, असा त्यांचा हिशोब. आई म्हणायची, "काय बाप्पा, आजारी माणसाले हसवतं!" तलफ काही आली नाही, पण रक्तातल्या पेशी हळूहळू वाढू लागल्या.

आई पुण्यात वारज्याच्या माझ्या घरी आल्यावर मामा दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. आजाऱ्याला भेटायला येणं आमच्याकडे कर्तव्य, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच बंद केलेलं. शेजारचे काका म्हणाले, "आपण राहायला आलात की पहाऱ्याला?"

"पहाऱ्याले. तुमाले खोकला हाय का?"

काका तसेच आपल्या घरात परत गेले.

पुढे तपासणीत आईचा रक्तगट बदललेला निघाला. तो आता मामांचा होता. डॉक्टर म्हणाले, हे असंच व्हायचं असतं. मी मामांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग भाऊबीजेले ओवाळणी कोनं कोनाले टाकायची?"

काही वर्षांनी मामा गिरणीतच गेले. हृदयविकाराने. आम्ही पोचलो तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या आईला म्हणाल्या, "तू दिल्या घरची लेक. तुले तीनच दिवस सुतक."

आई कधी वडीलधाऱ्यांपुढे बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली, "माह्या अंगात रक्त त्याचं हाय. त्याच्या लेकरांइतकेच दिवस मी धरीन."

मामींनी उठून आईचं अंथरूण आपल्या शेजारी घातलं.