गिरणीवरचे ग्रह आणि आमच्या विहीणबाई

आमच्या विहीणबाईंनी आकाशातल्या नऊ ग्रहांना जेवढं राबवून घेतलं आहे, तेवढं खुद्द ब्रह्मदेवानंही घेतलं नसेल. त्यानं त्यांना नुसतं फिरायला लावलं. बाईंनी त्यांना माणसांच्या घरात नेऊन बसवलं, नाही शोभले तर उठवलं आणि वेळ पडली तेव्हा दमही भरला. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. मुक्काम औसा. घरची पिठाची गिरणी आहे. गिरणी मुलगा चालवतो आणि बाई दाराशी लोखंडी खुर्ची टाकून ग्रह चालवतात. अंगावर इतकं पीठ उडालेलं असतं की कपाळावरची विभूती कुठं संपते आणि ज्वारी कुठं सुरू होते ते कळत नाही. दळण टाकायला आलेली बाई घरी जाताना डब्यात पीठ आणि डोक्यात शनी घेऊनच जाते. पत्रिका मांडायला त्यांना कागद लागत नाही. डब्याच्या झाकणावर पिठाचा थर असतोच, त्यात बोटानं चौकोन, आत तिरप्या रेघा, झाली बारा घरं. सांगून झालं की एक फुंकर मारायची, पुढच्या बाईला झाकण मोकळं.

ही विद्या त्यांना मिळाली ती दळणावरच. एक म्हातारे गुरुजी गव्हाचं दळण घेऊन यायचे. गर्दी असली की बसावं लागायचं आणि बसलं की त्यांना बोलल्याशिवाय राहवायचं नाही. तेव्हा विहीणबाई नव्या सूनबाई होत्या, चाळणीत गहू निवडायच्या आणि ऐकायच्या. असं दळणागणिक थोडं थोडं करत सूर्यापासून राहूपर्यंत शिक्षण झालं. केतूची पाळी आली आणि गुरुजी वारले. त्यामुळे केतूचं आमच्या बाईंना आजही नीटसं माहीत नाही. सगळे ग्रह बसवून झाले की जे घर रिकामं दिसेल तिथं त्या केतूला ठेवतात. एकदा एका शिकलेल्या माणसानं त्यांना सांगितलं की राहू-केतू कायम समोरासमोर असतात, असं कुठंही ठेवता येत नाही. बाई म्हणाल्या, ते माहीत आहे, पण समोरच्या घरात आधीच दोघं बसलेत, तिसऱ्याला काय मांडीवर घेऊ?

आता तुम्ही म्हणाल, पत्रिका मांडायची तर जन्मतारीख लागते, वेळ लागते. तीच तर आमच्याकडे अडचण. आमच्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर पोराच्या उंचीकडे बघून साल ठरवायचे आणि तारीख सगळ्यांना एकच. वेळ विचारली तर आई सांगायची, गुरं घरी यायच्या वक्ताला झालास, नाहीतर करडई काढायला आली होती बघ तेव्हा. एवढ्यावर कुठला पंडित लग्नरास काढणार? विहीणबाईंनी मग उलटा रस्ता धरला. ग्रहांवरून माणूस ओळखायच्या ऐवजी माणसावरून ग्रह ओळखायचे. माणूस तर समोर उभाच आहे डबा घेऊन. शेजारची एक बाई दळण होईस्तोवर श्वास न घेता बोलायची. तिचा बुध त्यांनी दुसऱ्या घरात टाकला. दुसरं घर वाणीचं. "बुध वाणीच्या घरात गेलाय आन दार लावायचं इसरलाय," असं तिला तोंडावर सांगितलं. त्या बाईला इतका आनंद झाला की तिनं ते सगळ्या गल्लीत सांगितलं, आणि गल्लीला पटलंच. रोज रांग मोडून डबा पुढं सरकवणारा एक गृहस्थ होता. त्याच्या पहिल्याच घरात सूर्य, म्हणजे साक्षात राजा. तो खुलला. पण बाईंनी त्याचा डबा उचलून सगळ्यांच्या मागं ठेवला, की राजानं रयतेचं झाल्यावर दळावं.

ग्रहांचे अर्थ त्या पोथीतले सांगत नसत, नात्यातले सांगत. लोक शनीला भितात, ह्यांचं शनीवर विशेष प्रेम. म्हणायच्या, शनी म्हणजे घरातला थोरला दीर. बोलत नाही, हसत नाही, येतो तो उशिरा, पण आला की हातात पिशवी असते. गुरू म्हणजे जाडजूड मामा, आशीर्वादही भरपूर देतो आणि जेवतोही भरपूर. चंद्र म्हणजे नवी सासुरवाशीण, एका राशीला सव्वादोन दिवसांच्या वर जीवच रमत नाही. शुक्र म्हणजे इस्त्रीचे कपडे घालून गिरणीत येणारा जावई, सगळे त्याच्यासाठी खुर्ची पुसतात. आणि राहूला धड नाही, नुसतं डोकं, त्यामुळे खातो खूप पण पोट म्हणून भरत नाही. हे सांगताना त्या मोबाईल बघत बसलेल्या आपल्या मुलाकडे बघायच्या.

शिवाय एकदा बसवलेला ग्रह तिथंच राहील असंही नाही. गल्लीतल्या एका बाईच्या सुखस्थानात त्यांनी शनी बसवला होता, घरात सदा कटकट म्हणून. पुढं तिच्या मुलाला नोकरी लागली, सून चांगली मिळाली, बाई हसायला लागली. तेव्हा विहीणबाईंनी शनीला चौथ्यातून उचलून अकराव्यात, लाभात नेऊन ठेवलं. मी विचारलं, अहो, जन्माचा ग्रह असा हलतो का कुठं? तर म्हणाल्या, एसटीत म्हातारं माणूस आलं तर तुम्ही उठून जागा देता ना? माझा स्वतःचा सूर्य त्यांनी बाराव्या घरात, खर्चाच्या घरात घातला आहे, कारण आमच्याकडे मुक्कामाला आल्या तेव्हा मी न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून झोपले होते. मला ह्यातलं काही कळत नाही आणि माझा विश्वासही बेताचाच. पण त्या दिवसापासून मी दिवा मात्र बघून बंद करते.

तर अशा ह्या बाईंनी एका माणसाची पत्रिका कधीच मांडली नव्हती. ती म्हणजे आमची दोघींची नात, मयुरी. माझ्या मुलाची मुलगी आणि त्यांच्या मुलीची मुलगी. लातूरला दवाखान्यात जन्मली, कागदावर तास-मिनिटासकट वेळ लिहिलेली. आमच्या दोन्ही घरांतली पहिली खरी वेळ. मी म्हणायची, आता मांडा की, एवढी पक्की वेळ मिळालीय. त्या विषय बदलायच्या. मला वाटतं, त्यांना भीती वाटत असावी. इतकी वर्षं माणसं बघून ग्रह बसवले, आता ग्रह आधी बसलेले आणि माणूस त्यांच्यामागनं येणार. आणि माणूस कोण, तर ही.

पोरीला नांदेडला नोकरी लागली आणि तिथलाच एक मुलगा तिनं पसंत केला. मुलगा चांगला, आम्हा सगळ्यांना आवडला. मुलाची आई शिस्तीची. तिनं पत्रिका मागितली, आम्ही दिली. त्यांच्या गुरुजींनी कॉम्प्युटरवर काढली आणि चार दिवसांत निरोप आला. मुलीला मंगळ आहे, तोही सातव्या घरात, ऐन लग्नाच्या, म्हणजे मुलगी तापट निघणार. जमणार नाही. मुलगा आईला समजावून थकला. आमची मयुरी सुट्टी काढून घरी आली. रडली नाही. म्हणाली, लग्न त्याच्याशीच करायचंय, पण त्याच्या आईच्या मनाविरुद्ध, पळून जाऊन नाही. आणि मग दोन दिवस नुसती खिडकीत बसली. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, आजी, मी खरंच तापट आहे का गं? तेव्हा मात्र मी मुलाला म्हटलं, आता काहीतरी कर.

माझ्या मुलानं नांदेडच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी भले होते. म्हणाले, जन्म दहा मिनिटं उशिराचा धरला तर मंगळ सरकतो सहाव्यात, मग दोष उरत नाही. वेळेची खात्री आहे ना? झालं. आम्ही सगळे लातूरहून औशाला गिरणीवर हजर. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात विहीणबाई होत्या. त्यांनी फक्त एवढंच सांगायचं होतं की भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागं होतं. ज्या बाईनं अख्ख्या गल्लीचे ग्रह एसटीतल्या प्रवाशांसारखे हलवले, तिला दहा मिनिटं म्हणजे काय? आम्हाला वाटलं, चहा होईस्तोवर काम होईल.

बाई नाही म्हणाल्या. माझ्या मुलानं समजावलं, सुनेनं समजावलं, मीही बोलले, की अहो, बाकीच्यांचे हलवता तेव्हा चालतं? त्यांनी गिरणी बंद करायला लावली. एवढ्या वर्षांत त्यांच्या दाराशी गिरणी बंद असताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं, आवाज एकदम लहान वाटला.

"ज्याला वेळच न्हाई त्याला मी देते, विहीणबाई. हिची तर हाय. हिची मी कशी काढून घेऊ?"

मग उठून हात झटकले आणि मला म्हणाल्या, उद्या नांदेडला जाऊ, दोघीच. लातूरहून अहमदपूर, लोहा करत एसटी निघाली. एरवी अहमदपूर येईपर्यंत कंडक्टरचा मंगळ आणि ड्रायव्हरचा शनी ठरून गेला असता. त्या दिवशी त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

मुलाच्या आईनं आमचं नीट स्वागत केलं, पण चेहरा बंद. पाणी झालं, चहा झाला. विहीणबाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या की मंगळ सातव्यातच आहे, लपवायला आलो नाही. ती बाई चकितच झाली. मग येण्याचं काय कारण, असं तिनं विचारलं.

"तुमच्या गुरुजीनं मंगळ कुठं बसलाय ते सांगितलं. तिथं बसून काय करायलाय, ते सांगायला आले मी."

आणि त्यांनी गिरणीवरची गोष्ट सांगितली. ती मलाही नीट माहीत नव्हती. मयुरी शाळेत असताना सुट्टीत आजोळी गेली होती. दळणाला आलेल्या एका बाईचा पदर गिरणीच्या पट्ट्यात गेला. सगळे नुसते ओरडत राहिले, मामासुद्धा. ही पोरगी डब्यांवरून उडी मारून खटक्यापर्यंत गेली आणि गिरणी बंद केली. बाई वाचली. मग हिनं मामाला असं झापलं की बघायला गल्ली जमली. पट्ट्याला जाळी बसेपर्यंत मामाशी बोलली नाही आणि त्याच्या घरात जेवलीही नाही, शेजारी जाऊन जेवायची. जाळी आली तेव्हा ताटावर बसली.

"पोथीत लिवलंय, मंगळ म्हंजे भांडण. खरं हाय. पण तो खटक्यावरचा हात बी हाय. सातवं घर जोडीदाराचं. उद्या तुमच्या लेकाचा पदर कुठं अडकला, तर धावणारं माणूस त्याच घरात बसलेलं हाय."

मुलाच्या आईनं रिकामे कप गोळा केले. लेकाला पदर नसतो हे तिच्या लक्षात आलं असेल, पण तिनं तसं दाखवलं नाही. मग हळूच विचारलं, "राग लवकर येतो का तिला?"

"येतो. रोज न्हाई, पण येतो. मला खोटं सांगून पोरगी द्यायची न्हाई बाई. राग येणारी चालत असली तर सांगा, न्हाईतर आमी आमच्या गाडीनं जातो."

ती बाई उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. तर आतून कुकरच्या झाकणाचा आवाज आला आणि ती म्हणाली, जेवूनच जा आता. होकार आठ दिवसांनी आला. त्यांच्या गुरुजींनाही मग मंगळावर गुरूची दृष्टी सापडली. हे त्यांनी आधी का पाहिलं नाही ते मी विचारलं नाही. लग्न झालं, मयुरी नांदेडला नांदायला गेली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण विहीणबाईंची झोप इथून उडाली. दर रविवारी नातीला फोन, आणि तब्येत, जेवण, पाऊस सगळं सोडून पहिला प्रश्न, "ह्या आठवड्यात राग आला होता का?" आला होता म्हटलं की बाई निवांत. कशावरून, कुणावर, असल्या चौकशा नाहीत. मला म्हणायच्या, मी रागाचीच हमी देऊन आलेय, तोच त्यांनी विझवला तर? माझ्या मनात यायचं, जगात दुसऱ्या कुठल्या आजीला ही काळजी असेल? मग एका रविवारी मयुरी म्हणाली, नाही गं आजी, आता रागच येत नाही, सगळं छान चाललंय. आमच्या घरी सगळ्यांना बरं वाटलं. विहीणबाईंनी त्या दिवशी जेवण टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थालीपीठाची भाजणी दळून डब्यात भरली आणि कुणाला न सांगता एकट्याच नांदेडच्या गाडीत बसल्या. मला कळलं ते संध्याकाळी, त्या परत येताना आमच्याकडे लातूरला उतरल्या तेव्हा. डबा तसाच हातात. मी घाबरून विचारलं, काय झालं, भेटली नाही का? त्या पाय धुऊन शांत बसल्या. म्हणाल्या, दारापर्यंत गेले होते. आतून पोरीचा आवाज येत होता, चांगला चढलेला. नवऱ्यानं टाकीची मोटर चालू ठेवली होती आणि गच्चीभर पाणी. त्याला धुऊन काढत होती. आणि तिची सासू तिच्याच बाजूनं बोलत होती. ह्या जिन्यात उभ्या राहिल्या, भांडण संपेपर्यंत ऐकलं, आणि बेल न वाजवता खाली उतरल्या.

मी म्हटलं, अहो, एवढ्या लांब गेलात, पोरीचं तोंड तरी बघायचं.

"बेल वाजवली असती तर दोघी गप झाल्या असत्या," त्या म्हणाल्या, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

मयुरीला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तिच्या वाटची ती भाजणी त्या आठवड्यात आम्हीच खाल्ली. चांगली खमंग झाली होती, धणे जरा जास्त होते.