पंखा न लागणारं घर

आमचं घर बांधलं तेव्हा बाबांनी स्लॅबमध्ये पंख्यांसाठी हूक ठेवले नाहीत. विसरले नव्हते, मुद्दाम ठेवले नाहीत. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. घराचा नकाशा त्यांनी स्वतः काढलेला. नाशिकमध्ये गंगापूर रोडला घर बांधून छताला पंखा टांगायचा, म्हणजे गंगेकाठी राहून विकतचं पाणी प्यायचं, असं त्यांचं मत होतं. (पुढे तेही प्यायला लागलो, पण तो विषय वेगळा.) ‘नाशिकला पंखा लागत नाही’ हे वाक्य आमच्याकडे शुभंकरोतीच्या नेमाने म्हटलं जायचं. मुंबईचे पाहुणे आले, की जरा मोठ्या आवाजात.

खोटं कशाला बोलू, नव्वद सालच्या आसपास ते खरंही होतं. मे महिन्यात गच्चीवर झोपलं तर पहाटे गोधडी ओढावी लागायची. मग आजूबाजूचे द्राक्षांचे मळे गेले, इमारती आल्या, रुंदीकरणात रस्त्यावरची झाडं गेली आणि नाशिकचं ऊन बाकीच्या महाराष्ट्राच्या पंगतीला येऊन बसलं. गल्लीत ज्याने त्याने आपापली तयारी सुरू केली. कोणी गच्चीला चुना मारला, कोणी वाळ्याचे पडदे लावले. समोरचे काका ऊन बाधू नये म्हणून खिशात चांदवडचा कांदा घेऊन बँकेत जायला लागले. त्यांना ऊन लागलं नाही खरं, पण त्यांच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असायची.

बाबांनी उन्हाशी लढायला थर्मामीटर आणला. तो लावला व्हरांड्यात, उत्तरेच्या भिंतीला, जिथे कधी ऊन येत नाही तिथे. खाली पाण्याचा माठ, माठाला ओलं फडकं. रोज दुपारी दोन वाजता बाबा आकडा वहीत लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पेपरातल्या आकड्याशी ताडून पाहायचे. पेपरचा आकडा नेहमी पाच-सहाने जास्त. “डांबरावर ठेवून मोजत असतील गाढव,” बाबा म्हणायचे. सगळ्या जगाचं तापमान वाढत होतं, फक्त आमच्या माठाशेजारी ते जागच्या जागी होतं.

स्वयंपाकघर मात्र माठापासून लांब होतं. पश्चिमेला. मावळतीचा उजेड थेट ओट्यावर येतो, म्हणून नकाशातली ती खिडकी बाबांची लाडकी. त्या उजेडात आई पोळ्या लाटायची. बाबा तिथे उभे राहिल्याचं मला आठवत नाही.

आई इगतपुरीची. तिचे वडील रेल्वेत होते, सगळं लहानपण पावसात आणि धुक्यात गेलेलं. तिने चुकून कधी ‘आज फार उकडतंय’ म्हटलं, की बाबा हसून म्हणायचे, “इगतपुरीचं नाजूक प्रकरण!” आम्हीही हसायचो. मग तिने म्हणणं सोडलं आणि स्वतःपुरती तयारी केली. उन्हाळ्यात ती साडेचारला उठायची आणि आठाच्या आत दुपारचाही स्वयंपाक उरकायची. मानेवर ओला पंचा. ओट्याच्या कोपऱ्यात मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या. तरी संध्याकाळच्या पोळ्या करताना मधेच ओटा धरून उभी राहायची. “काय झालं?” विचारलं तर, “काही नाही गं, जरा गरगरल्यासारखं झालं.”

एकदा मीटर बघायला वायरमन आला होता. आईने त्याला हळूच आत बोलावून वर बोट दाखवलं. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. “काकू, हूकच नाय ठेवलं कुठं? होल पाडून बसवावा लागंल. काय नाय, एका दुपारचं काम हाय.”

“भोक? माझ्या स्लॅबला?” बाबा व्हरांड्यातून आत आले. विषय तिथेच संपला.

शेवटी घरात एक टेबलफॅन आला. तोही ‘पाहुण्यांसाठी’. स्वयंपाकघरात तो चालायचा नाही, कारण वाऱ्याने गॅसची ज्योत हलते. मग तो कोणापुढे चालायचा? माझ्यापुढे. तेव्हा कॉलेजात पर्यावरण हा विषय नुकताच सक्तीचा झाला होता. ‘हवामानबदल आणि आपली जबाबदारी’ हा प्रकल्प मी त्या पंख्यासमोर मांडी घालून लिहिला, मधूनमधून “आई, पन्हं दे ना!” अशी आत हाक मारत. चांगले मार्क मिळाले.

त्याच वर्षी मे महिन्यात बाबांचे दोन जुने मित्र मुंबईहून जेवायला आले. आमरस-पुरीचा बेत. आदल्या दिवशी आईने विचारलं, “पुऱ्या सकाळीच तळून ठेवू का?”

“अगं, रसाबरोबर पुरी गरमच हवी,” बाबा म्हणाले.

दुपारी एकला पाट मांडले. जेवता जेवता बाबांनी मित्रांना थर्मामीटरची गोष्ट सांगितली. मित्र टेबलफॅनच्या वाऱ्यात बसून माना डोलवत होते. मी वाढत होते. दोन घाणे आले, तिसरा आला, मग पुऱ्या यायच्या थांबल्या.

“अगं, पुऱ्या येऊ देत!” बाबांनी हाक मारली. आतून झारा पडल्याचा आवाज आला.

मी गेले तेव्हा आई ओट्याखाली पडलेली होती. कढईतून धूर निघत होता. गॅस बंद केला आणि तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. हाका मारल्या तर ती भलत्याच कोणाला तरी उत्तर देत होती, बहुतेक तिच्या आईला. मित्रांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. उष्माघात, डॉक्टर म्हणाले, आणि उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही.

“घरात पंखा नाही का?” त्यांनी विचारलं. बाबा बाकावर जाऊन बसले. मी त्यांच्यावर इतकी संतापले होते की त्यांच्या बाकावरही बसले नाही. उभीच राहिले. आई जाईल अशी भीती वाटत होती, आणि तरी डोक्यात एकच चाललं होतं, की हिला पन्हं कोण करून द्यायचं?

आई वाचली. तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसली आणि बाबा तिच्याजवळ गेले. घरी तेव्हा वायरमन छताला भोक पाडत होता, पण ते त्यांनी तिला सांगितलं नाही. म्हणाले, “अगं, एवढा त्रास होत होता, तर बोलायचंस तरी.”

तिने ते नीट ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“काय बोलायचं?” ती म्हणाली. “गरम तर कोणालाच होत नव्हतं. तुम्ही रोज मोजत होतात. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. पाळी जायचे दिवस, अंगातून वाफा येतात म्हणतात ना, तसलं. तीन उन्हाळे झाले, त्याच्याच गोळ्या खातेय.”

“कसल्या गोळ्या?” बाबांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मलाही माहीत नव्हतं.